लेखनाविषयी वाचकांचे प्रश्न : अर्ज, सूचना, पत्रक आणि लांब वाक्य

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांची तक्रार एकच आहे : आम्ही लिहिलेले समोरच्याला कळत नाही, आणि कळले तरी त्याच्या हातून काही होत नाही. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : पुराच्या पाण्यात माझा ऊस आठ दिवस बुडून राहिला. भरपाईसाठी मी दोन पानांचा अर्ज लिहिला. परंतु ‘यात तुम्हाला नेमके काय हवे ते समजत नाही’ असे सांगून कार्यालयातून तो परत देण्यात आला. माझे मराठी वाईट नाही. मग चूक कोठे झाली? अर्जाची प्रत सोबत पाठवत आहे. (एक शेतकरी, ता. पलूस)

उत्तर : आपले मराठी खरोखरच वाईट नाही, किंबहुना आपल्या अर्जातील पहिले पान मी दोनदा वाचले, कारण कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांचे आणि त्या प्रत्येक वेळी आपल्या वडिलांनी नव्याने मांडलेल्या शेतीचे वर्णन मनाला भिडणारे आहे. अडचण अशी की अर्ज हातात घेणाऱ्या कर्मचाऱ्याला जे चार तपशील हवे असतात, त्यांतला पहिला तपशील, म्हणजे गट क्रमांक, दुसऱ्या पानावरच्या तिसऱ्या परिच्छेदात येतो. क्षेत्राच्या जागी ‘माझे सर्व क्षेत्र’ असे शब्द आहेत, मुदतीच्या जागी ‘बरेच दिवस’ आहेत, आणि मागणीच्या जागी ‘तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्य आहे. या वाक्यात काहीच मागितलेले नाही. विचार करायचा म्हणजे पंचनामा करायचा, यादीत नाव घालायचे, की आधी झालेल्या पंचनाम्यातील क्षेत्र दुरुस्त करायचे? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपल्याला त्यांतली कोणती हवी आहे हे अर्ज लिहिण्यापूर्वी आपण स्वतःशी ठरवले नव्हते, असा माझा तर्क आहे. पुष्कळशा धूसर वाक्यांच्या मागे हेच कारण असते. लिहिणाऱ्याला शब्द सापडत नाहीत असे क्वचितच घडते. त्याने निर्णय पुढे ढकललेला असतो आणि तो वाचणाऱ्याने घ्यावा अशी त्याची अपेक्षा असते.

स्पष्ट लेखनाचा माझ्या पाहण्यातला पहिला नमुना कोणत्याही पाठ्यपुस्तकातला नव्हता. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन येत, आणि सौदे झाल्यावर अडत्याकडून मिळालेली पट्टी घरी आल्यावर मला मोठ्याने वाचायला लावत. पोती किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली किती गेली, तोलाई किती गेली, आणि खाली एक रेघ मारून हातात येणारी रक्कम. शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही कोणीतरी ती वाचून दाखवली की पुन्हा काही विचारावे लागत नसे, आणि वजनात घोळ असेल तर तो कोणत्या ओळीत आहे हे बोट ठेवून दाखवता येई. अर्जाला पट्टीइतके कोरडे व्हावे लागत नाही. परंतु बोट ठेवता येईल अशा ओळी त्यात असाव्या लागतात.

आपला मजकूर मी असा मांडला असता : ‘माझ्या नावावरील गट क्रमांक अमुकमधील ०.६० हेक्टर (सुमारे दीड एकर) आडसाली ऊस २४ जुलै ते ३१ जुलै या काळात पुराच्या पाण्याखाली होता. गावात झालेल्या पंचनाम्याच्या यादीत माझे नाव नाही. या क्षेत्राची पाहणी करून माझे नाव यादीत घ्यावे, ही विनंती. सोबत सातबारा उतारा, बँक पासबुकाची प्रत आणि शेताची तीन छायाचित्रे जोडली आहेत.’ क्षेत्र हेक्टरमध्ये दिले आहे, त्याचे कारण इतकेच की सातबाऱ्यावर ते हेक्टर आणि आर या मापांत असते आणि वाचणारा ते उताऱ्याशी ताडून पाहणार असतो. गुंठा आणि आर ही मापे जवळजवळ सारखी आहेत (गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर, आर १०० चौरस मीटर), म्हणून बोलताना आपण एकाऐवजी दुसरे सहज वापरतो. कागदावर मात्र ज्याच्याशी तुलना व्हायची आहे त्याचेच माप वापरावे.

वडिलांच्या कष्टांचे पान फाडून टाकू नका. ते या मासिकाकडे पाठवा, असे मी संपादकांना न विचारताच सुचवतो.

प्रश्न : महाविद्यालयात मिरजेच्या तंतुवाद्यांवर प्रकल्प लिहिताना मी साधे शब्द वापरले, तर ‘भाषा भारदस्त करा’ असा शेरा मिळाला. शिवाय एक शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये, असेही सांगण्यात आले. हे योग्य आहे का? (एक विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर : आपण पाठवलेल्या सुधारित पानात सतारीच्या भोपळ्याला ‘ध्वनिवर्धक फलपात्र’ म्हटले आहे. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या वाद्ये घडवणाऱ्या कारागिराला हे वाचून दाखवले तर तो काय म्हणेल, याची कल्पना आपण करू शकता. भोपळा, घोडी, खुंटी, तरफा आणि जवारी हे त्या कामाचे शब्द आहेत, आणि त्यांच्याइतके नेमके दुसरे शब्द मराठीत नाहीत. ज्या वाचकाला जवारी ठाऊक नसेल त्याच्यासाठी शब्द बदलू नये. एक वाक्य वाढवावे : घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसून तारेचा नाद खुलवण्याची जी क्रिया, ती जवारी. भारदस्तपणा शब्दांच्या लांबीतून येतो ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती शिक्षकांकडून विद्यार्थ्यांकडे अगदी निष्ठेने पोचवली जाते.

पुनरुक्तीबद्दल माझे मत शेऱ्याच्या उलट आहे. ललित लेखनात एखादा शब्द कानाला खटकला तर तो बदलावा. माहितीपर लेखनात मात्र एका वस्तूचे नाव शेवटपर्यंत एकच ठेवावे. एका पानावर ‘कारागीर’, पुढच्या पानावर ‘शिल्पी’ आणि त्यापुढे ‘निर्माते’ असे आले की ही तीन वेगळी माणसे आहेत काय, अशी शंका वाचकाला येते, आणि ती शंका फिटेपर्यंत तो पुढचे काहीच नीट वाचत नाही.

प्रश्न : पूरकाळात गावाच्या वतीने मोबाइलवर सूचना पाठवण्याचे काम माझ्याकडे असते. मी काळजीपूर्वक लिहितो, तरीही लोक फोन करून ‘म्हणजे नेमके काय करायचे?’ असे विचारतात. एक नमुना पाठवत आहे. (ग्रामपंचायतीतील एक कर्मचारी, ता. मिरज)

उत्तर : आपला नमुना असा आहे : ‘कोयना धरणातून विसर्ग वाढविण्यात आला असून नदीपात्रातील पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहून प्रशासनास सहकार्य करावे व आवश्यकतेनुसार स्थलांतर करण्यात यावे.’

यातील प्रत्येक शब्द आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत, आणि नेमक्या त्याच कारणामुळे तो आता कोणाच्या डोळ्यांवरून खाली उतरत नाही. ‘सतर्क राहणे’ ही हातापायांनी करता येण्यासारखी क्रिया नाही. ‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे आवश्यकता कोणी ठरवायची? ‘स्थलांतर करण्यात यावे’ म्हणजे कोणी कोणाला हलवायचे? कर्मणी रचना सरसकट वाईट असते, असे मी म्हणत नाही, कारण याच सूचनेतील ‘विसर्ग वाढविण्यात आला’ हा भाग अगदी ठीक आहे. दरवाजे कोणाच्या हातांनी उघडले याच्याशी गावाला कर्तव्य नाही. परंतु जेथे वाचकाने स्वतः काही करायचे आहे, तेथे कर्ता दिसलाच पाहिजे, आणि तो कर्ता वाचकाला स्वतःसारखा वाटला पाहिजे. ‘नागरिक’ या शब्दात नदीकाठच्या गल्लीतल्या आजी स्वतःला शोधत नाहीत.

सांगलीच्या परिसरात पुराचे माप लोकांच्या मनात पक्के आहे. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इतकेच नव्हे, तर कोणत्या फुटाला आपल्या उंबऱ्याशी पाणी येते हेही घराघरात पाठ असते. त्यामुळे येथे फुटांतील आकडा कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक काम करतो. क्युसेकचे तसे नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. हे गणित माहीत असले तरी पन्नास हजार क्युसेकचा आपल्या गोठ्याशी काय संबंध हे त्यातून कळत नाही. उलट हीच बातमी राज्यातील दूरच्या वाचकासाठी लिहायची असेल, तर आयर्विनचे फूट त्याला निरर्थक वाटतील, आणि कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्यांपैकी आज किती भरले आहे, असे सांगावे लागेल. एकच माहिती एका वाचकाला स्पष्ट आणि दुसऱ्याला धूसर असू शकते.

मी असे लिहिले असते : ‘२ ऑगस्ट, दुपारी ४ वाजता : आयर्विन पुलाजवळ पाणी ३७ फुटांवर आहे आणि वाढत आहे. नदीकाठच्या गल्लीतील सर्व कुटुंबांनी २ ऑगस्टच्या रात्री ८ वाजण्यापूर्वी प्राथमिक शाळेत यावे. जनावरे शाळेमागच्या मैदानात बांधावीत. ट्रॅक्टर ६ वाजल्यापासून मारुती मंदिराजवळ उभा राहील. सोबत औषधे आणि रेशनकार्ड घ्यावे.’ यात तारीख दोनदा आली आहे, ती मुद्दाम. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ‘आज रात्री ८ वाजण्यापूर्वी’ असे लिहिले होते आणि मग खोडले. मोबाइलवरची सूचना दुसऱ्या दिवशीही फिरत राहते, आणि परवाचा ‘आज’ वाचून कोणी ओसरलेल्या पाण्यातून घर सोडील, तर कोणी ‘आजचा दिवस गेला’ म्हणून घरातच बसेल.

प्रश्न : लेखन परिणामकारक होण्यासाठी शुद्धलेखन आणि चांगले अक्षर यांना किती महत्त्व द्यावे? (एक निवृत्त कर्मचारी, सातारा)

उत्तर : आपण सज्जनगडाच्या पायथ्याकडून पत्र लिहिले आहे, तेव्हा दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आपल्याला आठवत असेलच. त्यात समर्थांनी लेखनाचाच विचार केला आहे, आणि तो विचार कारागिराचा आहे : कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षर जात नाही. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर पडलेले चार, असे अठरा नियम हाताशी ठेवावेत. ऱ्हस्वदीर्घाने अर्थ बदलतो अशा जोड्या, म्हणजे दिन आणि दीन, शिर आणि शीर, सुत आणि सूत, तेवढ्या तरी डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. बाकीच्या चुकांनी वाचक नाराज होतो, फसत नाही.

प्रश्न : ‘वाक्ये लहान लिहा’ असा उपदेश सगळीकडे वाचायला मिळतो. आमच्या पिढीला लांब वाक्यांची सवय आहे. लांब वाक्य हा दोष मानावा का? (माध्यमिक शाळेतील एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : मानू नये. हा उपदेश मलाही कंटाळवाणा वाटतो, आणि त्याप्रमाणे लिहिलेले परिच्छेद रेल्वे फाटकावर खोळंबलेल्या वाहनांसारखे दिसतात. मात्र मराठी वाक्य लांबवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपले क्रियापद शेवटी येते. म्हणजे ‘काय झाले’ हे कळेपर्यंत वाचकाला मधले सगळे सामान हातात धरून उभे राहावे लागते. सामान क्रमाने दिले तर तो बराच वेळ धरतो. एका सहकारी संस्थेच्या नोटिशीतले हे वाक्य पाहा : ‘ज्या सभासदांनी गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मंजूर झालेल्या परंतु अपुऱ्या निधीमुळे अंमलबजावणी होऊ न शकलेल्या थकबाकीवरील व्याजमाफीच्या योजनेचा लाभ घेण्यासाठी अर्ज केले होते त्यांनी ते पुन्हा करावेत.’ वाक्य तसे फार लांब नाही. पण ‘सभासदांनी’ आणि ‘अर्ज केले’ यांच्यामध्ये योजनेचा अख्खा इतिहास कोंबला आहे. ‘व्याजमाफीसाठी गेल्या वर्षी अर्ज केलेल्या सभासदांनी ते पुन्हा करावेत, कारण वार्षिक सभेने योजना मंजूर केली असली तरी निधी अपुरा पडल्याने ती तेव्हा अमलात आली नव्हती’, असे लिहिले की लांबी जवळजवळ तेवढीच राहते आणि ओझे उतरते, कारण जे करायचे ते आधी आले आणि कारण मागून आले.

खरा धोका लांबीपेक्षा सांध्यांत असतो. ‘कागदपत्रे तपासून अर्जदाराने रक्कम घेऊन जावी’ या सहा शब्दांच्या वाक्यात कागदपत्रे कोण तपासणार? ‘-ऊन’ रूपाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असावा अशी वाचकाची स्वाभाविक अपेक्षा असते, म्हणून हे काम अर्जदाराच्या गळ्यात पडते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात तर लिपिक होता. ‘लिपिकाने कागदपत्रे तपासल्यानंतर’ असे लिहिले की प्रश्न मिटतो. दुसरे ठिकाण सर्वनामांचे. ‘अध्यक्षांनी सचिवांना त्यांच्या कार्यालयात बोलावले’, यात कार्यालय कोणाचे? मराठीजवळ यासाठी ‘आपला’ हा फार सोयीचा शब्द आहे. ‘आपल्या कार्यालयात’ म्हटले की ते अध्यक्षांचेच ठरते. तिसरे ठिकाण ‘फक्त’चे. ‘फक्त शनिवारी दवाखाना सकाळी उघडा असतो’ आणि ‘शनिवारी दवाखाना फक्त सकाळी उघडा असतो’, या दोन पाट्यांमधला फरक ज्या रुग्णाने भोगला असेल, त्याला व्याकरण शिकवावे लागत नाही.

स्वल्पविरामाबद्दल आपण स्वतंत्रपणे विचारले आहे. मोडी लिपीत ही सोयच नव्हती; आधी ओळीची रेघ ओढून तिच्याखाली शब्द सलग लिहीत जायचे, ही तिची रीत. एकोणिसाव्या शतकात छपाई रुजत असताना मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतील विरामचिन्हांची व्यवस्था मराठीत आणली, आणि तिचा स्वीकार आपण इतक्या सहज केला की ती परकी आहे हेही विसरून गेलो. माझा व्यवहार असा : वाक्य मोठ्याने वाचावे, जेथे अर्थासाठी थांबावे लागते तेथे स्वल्पविराम द्यावा, आणि एका वाक्यात पाचसहा द्यावे लागले तर चिन्हे कमी करण्याऐवजी शब्दांचा क्रम बदलून पाहावा.

प्रश्न : आमचा महिला बचत गट बेदाणा विकतो. आमचे पत्रक वाचून कोणी फोन करत नाही. पत्रकात ‘उत्कृष्ट, दर्जेदार, शुद्ध, नैसर्गिक आणि चविष्ट बेदाणा माफक दरात’ असे लिहिले आहे. आणखी काय लिहावे? (बचत गटातील एक सदस्या, ता. तासगाव)

उत्तर : आणखी लिहिण्यापूर्वी ही पाच विशेषणे काढावीत, कारण तासगाव ते सांगली या रस्त्यावर बेदाणा विकणारा प्रत्येक जण तीच वापरतो आणि आपला बेदाणा ‘निकृष्ट’ असल्याचे कोणी लिहीत नाही. विशेषण हा लिहिणाऱ्याने दिलेला निकाल असतो. वाचकाला पुरावा मिळाला तर तो निकाल स्वतः देतो, आणि स्वतः दिलेल्या निकालावर माणूस विश्वास ठेवतो.

आपल्या पत्रातच, पत्रकासाठी न वापरलेला, पुरेसा पुरावा आहे. आपण लिहिता की द्राक्षे गटातील बायकांच्या स्वतःच्या बागांतली असतात, ती उघड्यावर उन्हात न वाळवता शेडमधील जाळ्यांवर सावलीत वाळवली जातात, म्हणून हिरवा रंग टिकतो, आणि देठ व डागी मणी हाताने निवडून काढले जातात. मला सर्वांत आवडलेले वाक्य आपण सहज, कंसात लिहिले आहे : ‘चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, पण गिऱ्हाइकाला दर जास्त वाटतो.’ हे वाक्य पत्रकात दराच्या शेजारी छापा. ‘माफक’ या शब्दाला जे जमत नाही ते या आकड्याला जमेल, कारण वाचक मनातल्या मनात द्राक्षांच्या दराला चाराने गुणील आणि आपल्या दराकडे पुन्हा पाहील. दर मात्र आकड्यात लिहा. ‘माफक’ वाचून फोन करण्यापेक्षा लोक शेजारच्या दुकानात जातात.

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तेही लिहावे का, असे आपण विचारता. आपल्या गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तरच लिहावे, एरवी नाही. अन्नपरवान्याचा क्रमांक, निव्वळ वजन आणि पॅकिंगची तारीख या गोष्टी पाकिटावर असाव्याच लागतात. पत्रकावर त्यांची गर्दी नको. पत्रकावर पाकिटांची वजने, प्रत्येकाचा दर, घरपोच कोठपर्यंत देता आणि फोन कोणत्या वेळेत उचलता, एवढे असू द्या. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या पत्रकावरच्या क्रमांकावर मी सकाळी अकरा वाजता दोनदा फोन केला, तेव्हा सगळ्या जणी बहुधा शेडवर होत्या.